जिताड्यासाठी तळाचा गळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांवर, जेट्यांवर आणि खडपांवर गरवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा रोख रॉड आणि रीलवर असतो. मासा मात्र सुटतो तो शेवटच्या दीड मीटरात: लीडर (दोरीच्या टोकाचा, गळ बांधायचा जाड तुकडा), गाठ, शिसं आणि गळ. म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

1. तळाचा गळ म्हणजे नेमकं काय?

शिसं आमिषाला तळाशी नेऊन ठेवतं आणि मासा तिथे येऊन ते घेतो, इतकंच. फ्लोट लावला तर आमिष मधल्या पाण्यात राहतं. नकली मासा लावला तर तो सतत ओढत राहावा लागतो. तळाच्या गळात आमिषाची हालचाल आणि वास काम करतात, आपण वाट बघतो. जिताडा पुलाच्या खांबाआड, खडकाच्या कडेला किंवा कांदळवनाच्या मुळांशी दबा धरून बसतो आणि पाण्यासोबत वाहत येणारं भक्ष्य उचलतो. खाडीचं पाणी गढूळ असलं की नकली माशापेक्षा तळाचं जिवंत आमिष जास्त भरवशाचं ठरतं.

2. इंग्रजी व्हिडिओत ‘बास’ म्हणतात तो आपला जिताडाच ना? आणि हॉटेलातला बासा?

इंग्रजीत बास हे एका माशाचं नाव नाही. अमेरिकन व्हिडिओतला लार्जमाउथ बास गोड्या तळ्यांतला आहे आणि युरोपातला सी बास वेगळ्या कुळातला. आपला जिताडा म्हणजे एशियन सी बास, शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्करिफर. ऑस्ट्रेलियात त्याला बॅरामुंडी म्हणतात, बंगालात भेटकी. आपल्याच किनाऱ्यावर तो कुठे खजुरा होतो, तर मालवणीत चणक.

म्हणून व्हिडिओ बघायचेच असतील तर बॅरामुंडीचे बघा. अमेरिकन तळ्यांतल्या बांधण्या पाच-दहा ग्रॅम शिशाच्या असतात, त्या आपल्या खाडीच्या ओढीत तळाला टेकतसुद्धा नाहीत. युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शिशाच्या बांधण्या मात्र इथे चांगल्या चालतात. हॉटेलातला बासा हा पंगस कुळातला मिशाळ मासा आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

3. पहिल्यांदाच सामान घेतोय. रॉड-रील कोणतं घेऊ?

जागा ठरवा, मग रॉड. जेटी, धक्का, पूल किंवा होडीवरून गरवायचं असेल तर 7 ते 8 फुटी, मध्यम-जड ताकदीचा रॉड पुरतो. त्यावर 40 ते 80 ग्रॅम वजन फेकता येईल असं लिहिलेलं असावं. वाळूवरून किंवा रुंद मुखाशी लांब फेकायचं असेल तर 10 ते 12 फुटी, 80 ते 150 ग्रॅमचा सर्फ रॉड लागतो. तो लांब रॉड जेटीवर मात्र अडचणीचा होतो, मासा खांबाकडे वळला की आवरत नाही.

रील 4000 ते 6000 आकाराची स्पिनिंग. बेअरिंग किती आहेत यापेक्षा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) गुळगुळीत सुटतो का ते बघा: दोरी हाताने हळू ओढा, झटके देत सुटली तर ती रील नको. बजेट कमी असेल तर रॉडवर वाचवा. रील, गळ आणि लीडर यांवर वाचवू नका.

4. रॉड नाही, हातदोरी आहे. चालेल?

चालेल. पिढ्यान् पिढ्या जिताडे हातदोरीनेच निघाले आहेत. 0.80 ते 1.0 मिमी तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी), सुमारे 50 मीटर, लाकडी फळीवर किंवा बाटलीवर गुंडाळलेला. पुढची बांधणी प्रश्न 6 प्रमाणेच. हातदोरीत ड्रॅग म्हणजे तुमची बोटं, म्हणून तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा जाड हातमोजा हवाच. दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका. हातदोरीला ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, वापरू नका, ती कातडी कापते.

5. मुख्य दोरी ब्रेड घ्यावी की तंगूस?

दोन्ही चालतात, पण चुका वेगवेगळ्या होतात. ब्रेड बारीक असते, ताणत नाही, टोचणी लगेच कळते आणि पाण्याची ओढ तिला कमी लागते, त्यामुळे कमी शिशात भागतं. जिताड्यासाठी 30 ते 40 पौंडी ब्रेड पुरे. तिची खोड एकच: कालवं चिकटलेल्या खडकाला किंवा खांबाला ताणलेली ब्रेड नुसती घासली तरी तुटते. तंगूस घासणं जास्त सोसतो, ताणतो म्हणून झटकाही झेलतो, पण जाड असल्यामुळे ओढीत धनुष्यासारखा वाकतो आणि शिसं उचलतो.

आमचं मत: मोकळ्या खाडीत ब्रेड, आणि ब्रेडच्या पुढे लांब जाड लीडर. पूर्ण खडपाळ जागी 0.50 ते 0.60 मिमी तंगूस. ब्रेड स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या फिरकीवर) भरताना खाली आठ-दहा वेढे तंगुसाचे द्या, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलभोवती घसरत फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटत राहतं.

6. सरकत्या शिशाची बांधणी क्रमाने सांगा.

चिखल आणि वाळूच्या तळासाठी हीच पहिली शिका. मासा आमिष घेऊन निघाला तरी दोरी शिशाच्या भोकातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही.

आधी ब्रेडच्या टोकाला 0.70 मिमी तंगुसाचा तुकडा जोडा (गाठ प्रश्न 11 मध्ये). जेटीवरून दीड मीटर पुरे. लांब फेकायचं असेल तर रॉडच्या दुप्पट लांबी घ्या, म्हणजे फेकतानाचा झटका हा तुकडा झेलतो आणि गाठीपुढचे दोन-चार वेढे स्पूलवर राहतात. जाडीचा ठोकताळा: दर 30 ग्रॅम वजनाला 10 पौंड. 120 ग्रॅमचं शिसं फेकायचं तर हा तुकडा निदान 40 पौंडी हवा. कमी असेल तर फेकीत तुटून शिसं गोळीसारखं सुटतं, आणि जेटीवर माणसं असतात.

आता या तंगुसात भोकाचं शिसं ओवा, त्यामागे एक रबरी किंवा प्लॅस्टिकचा मणी, मग स्विव्हल (दोन्ही टोकांना फिरत्या कड्या असलेला छोटा जोड) बांधा. मणी विसरू नका, तो नसेल तर शिसं दर फेकीला गाठीवर आदळतं आणि गाठ आतून चिरडते. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला 45 ते 60 सेंमी लीडर, त्याच्या टोकाला गळ. झालं.

नेहमीची चूक म्हणजे शिसं थेट ब्रेडवर ओवणं. भोकात वाळूचे कण बसतात आणि ब्रेडचे धागे दोन-तीन तासांत पिंजतात. शिसं नेहमी तंगुसावर सरकू द्या. दुसरी चूक म्हणजे भोकाच्या कडा तपासायच्या राहतात. नव्या ओतीव शिशाची कड धारदार असते, जाड सुई किंवा खिळा फिरवून ती बोथट करा.

7. लीडर किती लांब, किती जाड? जिताड्याला वायर लागते का?

वायर नको. जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात, तोंडाच्या आत सॅंडपेपरसारखी खरखर असते. कापते ती त्याच्या गालफडाची, म्हणजे कल्ल्याच्या झाकणाची कड. ती पात्यासारखी असते. बारीक लीडर पाच मिनिटांत पिसतो किंवा एका झटक्यात तुटतो. 40 ते 60 पौंडी तंगूस किंवा फ्लुरोकार्बन घ्या, जाडी साधारण 0.70 ते 0.80 मिमी. गढूळ पाण्यात साधा तंगूस आणि महाग फ्लुरोकार्बन यांत जिताड्याला फरक पडताना दिसत नाही. फ्लुरोकार्बन घासणं थोडं जास्त सोसतो, एवढ्यासाठीच घ्यायचा तर घ्या.

लांबी ओढीवर ठरते. जोराच्या पाण्यात 30 ते 40 सेंमी, कारण लांब लीडर पीळ खातो आणि आमिष भोवऱ्यासारखं फिरतं. संथ पाण्यात जिवंत बोय (खाडीतला आमिषाचा छोटा मासा) लावली असेल तर 70 ते 80 सेंमी, म्हणजे तिला फिरायला जागा मिळते. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर लीडर दोन बोटांमधून ओढून बघा. खरखर लागली की कापा आणि नवा बांधा.

8. गळ किती नंबरचा? दुकानदार 1 मागितला की बारीक देतो आणि 1/0 मागितला की मोठा.

दुकानदाराचं बरोबर आहे, घोळ आकड्यांचा आहे. नुसत्या आकड्यांत 10 छोटा आणि 1 मोठा. त्याच्या पुढे शून्याची पद्धत सुरू होते आणि तिथे आकडा वाढला की गळ वाढतो: 1/0, 2/0, 3/0 असं. जिताड्यासाठी कोळंबीला 2/0 ते 3/0, बोटभर बोयीला 4/0 ते 5/0, वीतभर बोयीला 6/0. कंपनीगणिक माप हलतं, म्हणून आकड्यापेक्षा आमिष शेजारी धरून बघा: आमिष लावल्यावर गळाचं टोक आणि निम्मी पोकळी मोकळी दिसली पाहिजे. टोक आमिषात बुडलं तर मासा लागत नाही.

सर्कल गळ घ्यावा की साधा? रॉड कठड्याला टेकवून बसणार असाल तर सर्कल. त्याचं टोक आत वळलेलं असतं, मासा वळला की तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि घशात क्वचितच जातो. सोडायचा मासा वाचतो. फक्त झटका मारायचा नाही (प्रश्न 16). हातदोरी सतत हातात असेल तर साधा गळ ठीक. दोन्हीत तार जाड हवी. मोठ्या जिताड्याने सरळ केलेले बारीक तारेचे गळ किनाऱ्यावर नेहमी बघायला मिळतात.

9. शिसं किती वजनाचं आणि कोणत्या आकाराचं?

तळाला टिकेल इतकंच, त्याहून जास्त नाही. खाडीच्या आतल्या कोपऱ्यात, भांगाच्या (अष्टमी-नवमीच्या मंद भरती-ओहोटीच्या) पाण्यात 20 ते 40 ग्रॅम. जेटीवर चालू पाण्यात 60 ते 80. दाभोळ, बाणकोट, जयगड यांसारख्या मोठ्या नद्यांच्या मुखाशी उधाणाच्या मधल्या पाण्यात 150 ग्रॅमही घसरतं. तिथे वजन वाढवत बसण्यापेक्षा पाणी वळायची वाट बघणं शहाणपणाचं.

गोटीचं शिसं घरंगळतं. आमिष हळूहळू तळावर फिरवायचं असेल तेव्हा ते मुद्दाम वापरतात. चपटं, नाण्यासारखं शिसं चिखलात आणि वाळूत जागा धरतं, शिवाय ओढून घेताना वर उचललं जातं. पिरॅमिड वाळूसाठी चांगला, चिखलात रुततो. तारांचे पाय असलेलं शिसं उघड्या पुळणीवर उपयोगी, खडपात ते लावणं म्हणजे समुद्राला दान.

फेकल्यावर दोरी ताणून अर्धा मिनिट थांबा. टोकाला ठक-ठक जाणवत राहिलं तर शिसं घसरतंय. काहीच जाणवत नाही आणि दोरी सैल पडत जाते, तर ते तुमच्याकडे वाहत येतंय.

10. खडपावर दर दुसऱ्या फेकीला शिसं अडकतं. काय करू?

सरकती बांधणी तिथे काढून टाका. खडपात शिसं खाली आणि गळ वर हवा. स्विव्हलखाली 60 ते 80 सेंमी जाड तंगूस घ्या, मधोमध 20 सेंमीची आडवी फांदी काढून तिला गळ लावा, आणि सगळ्यात खाली शिसं मात्र 0.30 ते 0.35 मिमी बारीक तंगुसाने बांधा. शिसं कपारीत अडकलं की हा बारीक तुकडा तुटतो, मासा आणि गळ परत येतात.

यात एक धोका आहे: हा तुकडा जोराच्या फेकीतही तुटतो. म्हणून 60 ग्रॅमच्या आतलं वजन आणि खालून हळू झोका देऊन फेक, इतकंच. खडपावर मासा बहुतेक पायाशीच असतो, लांब फेकायची गरज नसते.

शिशाऐवजी गॅरेजमधून आणलेले जुने स्पार्क प्लग किंवा मोठे नट वापरा. फुकट मिळतात, आणि तुटून राहिले तरी पाण्यात शिसं वाढत नाही. अडकलंच तर रॉड वाकवून झटके देऊ नका, रॉड मोडतो. दोरी फडक्याने धरून किंवा लाकडाला गुंडाळून सरळ रेषेत मागे चाला.

11. कोणत्या गाठी शिकायलाच हव्यात?

तीन. ब्रेड आणि तंगूस जोडायला एफजी गाठ: बारीक असते, रॉडच्या कड्यांतून सहज जाते, पण वारा असताना जेटीवर बांधणं जिवावर येतं. ती घरून बांधून न्या. जागेवर डबल युनी करा, ब्रेडच्या बाजूने सात-आठ वेढे आणि तंगुसाच्या बाजूने चार. स्विव्हलला युनी. गळाला स्नेल, म्हणजे गळाच्या दांड्यावर वेढे देऊन. सर्कल गळाला स्नेल करताना तंगूस डोळ्यातून टोकाच्या बाजूने आत घाला, मग ताण आला की गळ वळून बसतो. उलट घातला तर गळ उघडा पडतो.

कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरड्या गाठीत तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. तुटलेल्या दोरीचं टोक बघा: कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं असेल तर गाठ सुटली आहे. खरखरीत असेल तर घासून तुटली. सरळ स्वच्छ तुटली असेल तर ताण जास्त झाला, प्रश्न 15 बघा.

12. आमिष कोणतं? आणि लावायचं कसं?

पहिला मान जिवंत बोयीला, दुसरा जिवंत कोळंबीला. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकून दोन्ही त्याच खाडीत मिळतात, आणि तिथे जे मिळतं तेच तिथला जिताडा खात असतो.

बोय उभ्या पाण्यात पाठीवरच्या पहिल्या पंखाच्या थोडं पुढे, कण्याच्या वर टोचा. कण्याला लागलं की ती लगेच मरते. ओढीच्या पाण्यात दोन्ही ओठांतून टोचा, म्हणजे ती पाण्याकडे तोंड करून राहते आणि गरगरत नाही. कोळंबीच्या डोक्यात पारदर्शक कवचातून एक काळा ठिपका दिसतो. त्याला न लावता, शिंगाखालून आडवा गळ घाला. किंवा शेपटीच्या शेवटून दुसऱ्या कांड्यातून. कोळंबी मेली तरी टाकून देऊ नका, पण मग ती शेपटीपासून गळावर सरळ ओवा, वाकडी राहिली तर फिरते.

मेलेल्या आमिषात बांगड्याची किंवा बोयीची तिरकी पट्टी बरी. तारली वासाला उत्तम, पण मऊ (प्रश्न 13). माकुळाची पट्टी टिकते, तिच्यावर तांबोशी, कोरकोर आणि शिंगाळी जास्त येतात. बर्फात नरम पडलेलं, दोनदा गोठवलेलं आमिष जिताड्याला चालत नाही.

जिवंत आमिष बादलीत का मरतं, तर गर्दीने आणि उन्हाने. 15 लिटरच्या बादलीत पाच-सहा बोयी, त्याहून जास्त नको. बॅटरीवरचा हवेचा पंप आणि दर अर्ध्या तासाला निम्मं पाणी त्याच खाडीचं बदलायचं. घरचं नळाचं पाणी घालू नका.

13. फेकताना आमिष उडून जातं.

शिवणाच्या दुकानात मिळणारा बारीक लवचिक धागा घ्या. आमिष गळावर बसवून त्यावर आठ-दहा वेढे द्या आणि तोडा, गाठ लागत नाही. तारलीला आदल्या रात्री जाडं मीठ चोळून ठेवा, मांस घट्ट होतं. जिवंत बोय जोरात फेकायचीच नसते. ती झोका देऊन सोडायची, दहा-पंधरा मीटर पुरे.

14. कोणत्या पाण्याला बसावं? ॲप नसेल तर वेळ कशी काढायची?

तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दोन्ही पक्षांना हेच गणित, दिवसा आणि रात्री दोन्ही. साधारण सहा तासांनी ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा वळतं.

जिताड्याची वेळ म्हणजे सुकतीचे (पाणी उतरतानाचे) शेवटचे दोन तास आणि भरती सुरू झाल्यानंतरचा पहिला दीड तास. सुकतीला कांदळवनातलं पाणी लहान ओहोळांनी मुख्य खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयीची पिल्लं येतात. ओहोळ जिथे खाडीला मिळतो त्या कडेला, पाण्याचा रंग बदलतो त्या रेषेवर आमिष ठेवा. पूर्ण भरतीला तेच मासे कांदळवनाच्या मुळांत शिरतात आणि गळाच्या आवाक्याबाहेर जातात.

अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन दिवस उधाण सगळ्यात जोरात असतं, पाणी गढूळ आणि शिसं टिकत नाही. तृतीया ते षष्ठीचे दिवस नवख्याला सोपे. अष्टमी-नवमीच्या भांगात पाणी इतकं मंद असतं की शिसं हलकं आणि लीडर लांब हवा. उत्तरेकडे, मुंबई-रायगडला, पाण्याची उंची दक्षिणेपेक्षा जास्त चढते-उतरते. सिंधुदुर्गातून आलेल्या माणसाने धरमतरच्या खाडीत आपलं नेहमीचं शिसं टिकेल असं समजू नये.

15. ड्रॅग किती घट्ट ठेवायचा?

सगळ्यात कमजोर भागाच्या ताकदीचा चौथा हिस्सा. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा चौथा हिस्सा सव्वातीन-साडेतीन किलो. अंदाज करू नका: दोरी रॉडच्या कड्यांतून काढून स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधा, रॉड नेहमीच्या कोनात धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. आकडा एकदा हाताला कळला की पुढे काटा लागत नाही. खांबांमध्ये गरवताना थोडा वाढवावा लागतो, पण मग 50 पौंडी लीडरही हवा.

16. रॉडचं टोक हलतं, झटका मारला की रिकामं. का?

बहुतेक वेळा झटका लवकर बसतो. जिताडा आमिष शोषून घेतो, आवाज होतो, मग वळतो. सर्कल गळ असेल तर हातही लावू नका. टोक वाकून राहिलं आणि ड्रॅग सुटू लागला की रॉड सावकाश उचला आणि रील फिरवा. साधा गळ असेल तर सरकत्या बांधणीत दोरी जाऊ द्या, दोन-तीन मोजा, मग ओढा.

टकटक बारीक आणि सतत असेल तर ते कुर्ल्यांचं काम, प्रश्न 18 बघा. टोक झटकन सरळ होऊन दोरी सैल पडली तर मासा तुमच्याकडे येतोय. घाईने रील फिरवा.

17. लागला, उडी मारली, डोकं झटकलं आणि गेला.

जिताड्याची ही जुनी खोड. तो वर येताना दोरीचा कोन बदलतो, तेव्हाच कळतं. उडीच्या क्षणी रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या, दोरी ताणलेली ठेवा पण ओढू नका. हवेत असताना जोरात ओढलं तर त्याचं पूर्ण वजन गळाच्या बारीक भोकावर येतं. गळ बोथट असेल तरी असंच होतं: टोक नखावर टेकवून सरकवा, घसरला तर धार द्या. शेवटच्या दोन मीटरात हातजाळं डोक्याच्या बाजूने घाला, शेपटीकडून घातलं की तो उसळी मारतो. लीडर हातात धरून जेटीवर उचलू नका. चार किलोचा मासा उचलायला तो बांधलेला नसतो.

18. आमिष कुर्ल्या खातात. शिंगाळीशिवाय काही लागत नाही.

कुर्ल्यांना: आमिष तळापासून एक वीत वर ठेवा. लीडरवर गळापासून पाच बोटं अंतरावर लहान थर्माकोलचा किंवा कॉर्कचा मणी बसवला की ते उचललं जातं. शिंगाळीला वास हवा असतो, म्हणून मेलेलं आमिष बंद करून जिवंत लावा, तरी लागतीलच.

शिंगाळी हाताळताना पाठीचा आणि बाजूचे दोन काटे लक्षात ठेवा, विष असतं. पकडीने गळ सोडवा, पायाने दाबून नाही. काटा लागला तर जखम धुवा, भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. काटा आत तुटला, सूज चढली किंवा श्वासाला त्रास झाला तर दवाखाना. पाकटीच्या काट्यालाही हेच, पण तो काटा छातीत किंवा पोटात लागला तर काढू नका, थेट रुग्णालय.

19. पावसाळी बंदीत गळ चालतो का?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै बंदी असते ती यांत्रिकी नौकांना, बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याची अडचण कायद्यापेक्षा लाटेची आहे. शेवाळलेलं खडप, अचानक चढणारी लाट आणि वीज. ग्राफाइटचा रॉड विजेचा वाहक आहे, गडगडाट ऐकू आला की आडवा ठेवा आणि निघा. खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारांखाली 12 फुटी रॉड उभा करू नका.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. तिथे गळ टाकण्याआधी वनविभागाकडून हद्द समजून घ्या. कांदळवनाच्या फांद्या तोडून वाट करणं कुठेही गुन्हाच.

20. मोठा जिताडा सोडावा असं का म्हणतात? कसा सोडायचा?

जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. खूप मोठे असतात त्या बहुतेक माद्या, आणि त्या पावसाळ्यात खाऱ्या मुखाकडे येऊन अंडी घालतात. सोडायचं ठरवलं तर उशीर नको: मासा पाण्यात किंवा ओल्या जाळ्यातच ठेवा, हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका (कड कापते). गळ घशात गेला असेल तर ओढू नका, लीडर तोंडाजवळ कापा. पाण्याच्या ओढीकडे तोंड करून धरा, स्वतःहून शेपटी मारली की सोडा.

21. पेण-अलिबागकडे तळ्यातला जिताडा असतो. त्यालाही हीच बांधणी?

नाही, तिथे ती फार जड होते. खारजमिनीच्या तळ्यांत ओढ नसते, म्हणून 10 ते 15 ग्रॅम सरकतं शिसं किंवा शिशाशिवायच जिवंत आमिष, 30 पौंडी लीडर आणि 2/0 गळ पुरतो. तळं कुणाचं आहे ते आधी विचारा. बहुतेक तळ्यांत मासा कुणीतरी सोडून वाढवलेला असतो.

22. घरी आल्यावर सामान कसं धुवायचं? रील सहा महिन्यांत अडकली.

रीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारला असेल, त्याने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅगचं बटण आधी घट्ट करा, मग नळाच्या मंद धारेखाली किंवा ओल्या फडक्याने पुसा. सावलीत वाळवा आणि त्यानंतर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दाबून चिकटतात. हँडलच्या सांध्याला आणि लाइन रोलरला थेंबभर तेल. रॉडची कडी कापसाने पुसून बघा. कापसाचा तंतू अडकला तर आतली चकती तडकली आहे, ती ब्रेड कापेल. वापरलेले गळ नव्यांच्या डबीत परत टाकू नका, एकाचा गंज सगळ्यांना लागतो.